डिस्क क्लीनअपच्या यादीत ‘डाउनलोड्स’: विंडोज १८०९ चं प्रकरण

२ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. या आवृत्तीत ‘डिस्क क्लीनअप’ या जुन्या सफाईच्या प्रोग्रॅमच्या यादीत एक ओळ वाढली होती: ‘डाउनलोड्स’. ओळीसमोरची चौकट मुळात रिकामी होती, म्हणजे आपण टिक केल्याशिवाय काही पुसलं जाणार नव्हतं. खाली इशाराही होता. तरीही या एका ओळीपायी लोकांच्या फाइल्स गेल्या, आणि त्या रीसायकल बिनमध्ये न जाता थेट गेल्या. मे २०२० मध्ये आलेल्या २००४ या आवृत्तीत ती ओळ डिस्क क्लीनअपमधून काढून टाकलेली होती.

टिक ज्याने केली चूक त्याची, असं म्हणून हे प्रकरण मिटवता येतं. अजूनही तसं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. ही टिक लोकांनी का केली, ती करताना त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं आणि टिक झाल्यावर डिस्कवर नेमकं काय घडलं, हे नीट पाहिलं तर दोष कुठे होता ते स्पष्ट होतं. शिवाय प्रकरण अजून संपलेलं नाही. ती ओळ एका जागेवरून गेली, दुसऱ्या जागी आजही आहे.

वीस वर्षांची सवय

डिस्क क्लीनअप विंडोज ९८ पासून आपल्यासोबत आहे. सी ड्राइव्हवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, डिस्क क्लीनअप. किंवा रनमध्ये ‘क्लीनएमजीआर’ टाइप करून एंटर. थोडा वेळ हिशेब चालतो आणि मग यादी येते: तात्पुरत्या फाइल्स, ब्राउझरने साठवलेली पानं, थंबनेल्स (फाइल्सची छोटी चित्रं), एरर रिपोर्ट, अपडेटचे उरलेले तुकडे, रीसायकल बिन.

या यादीचा एक गुण होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण वापरून वापरून सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट यंत्राने स्वतःच्या सोयीसाठी तयार केलेली असायची. थंबनेल्स पुसली तर पुढच्या वेळी फोल्डर उघडताना ती पुन्हा तयार होतात. वेबपानं पुसली तर साइट पहिल्यांदा जरा हळू उघडते, इतकंच. रीसायकल बिन हा अपवाद, पण तिथलं सामान आपणच आधी टाकून दिलेलं असतं. म्हणून ‘डिस्क क्लीनअपमध्ये सगळ्यावर टिक करा आणि ओके दाबा’ हा सल्ला दुकानदार देत, ऑफिसातला जाणकार देई, कॉम्प्युटर क्लासमध्येही तो शिकवला जाई. त्या काळी तो बहुतांशी निर्धोक होता. बहुतांशी म्हणायचं कारण ‘प्रीव्हिअस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ ही ओळ. कुणी डिस्क फॉरमॅट न करता जुन्या विंडोजवरच नवी टाकली असेल, तर आधीच्या खात्यातले डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप हे सगळं ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. ते तिथे आहे हे माहीत नसताना ही ओळ साफ केली की जुनं घरदार गेलं. हा धोका २०१८ च्याही आधीचा आहे, आणि त्याबद्दल फार थोडं बोललं गेलं.

विंडोज १० आल्यावर या सवयीला वेळापत्रक मिळालं. तेव्हा वर्षाला दोन मोठी अपडेट्स येत. प्रत्येक मोठं अपडेट जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये बाजूला ठेवून नवी बसवतं, आणि तो फोल्डर बरेच जीबी अडवतो. १२८ जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कवर, हे जाणवतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये अवघी ३२ जीबीची ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच बसवलेली छोटी साठवण, असते, तिथे तर संगणक अडून बसतो. म्हणून अपडेट झालं की डिस्क क्लीनअप उघडायचं, ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबायचं, यादी पुन्हा तयार झाली की वरपासून खालपर्यंत टिक करत जायचं. दर सहा महिन्यांनी हेच.

आता १८०९ चं अपडेट झालेला संगणक डोळ्यांसमोर आणा. जागा भरली आहे. माणूस नेहमीच्या कामाला नेहमीच्या खिडकीत आला आहे. खिडकीचा आकार तोच, रंग तोच, बटणं जागच्या जागी. ‘डाउनलोड्स’ ही ओळ त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसणार होती ती याच क्षणी, म्हणजे हात सवयीने सगळ्यात भरभर चालत असताना.

खिडकीत काय दिसत होतं

इशारा होता, हे खरं. त्याचा आशय असा: या तुमच्या वैयक्तिक डाउनलोड्स फोल्डरमधल्या फाइल्स आहेत, सगळं पुसायचं असेल तरच ही निवड करा, आणि ही निवड स्टोरेज सेन्सची (विंडोजमधल्या आपोआप सफाईच्या सोयीची) सेटिंग पाळत नाही. मजकूर स्पष्ट आहे. पण तो यादीखालच्या छोट्या चौकोनात येतो, आणि येतो तेव्हाच, जेव्हा ती ओळ निवडलेली असते. पुढच्या ओळीवर गेलात की त्या जागी थंबनेल्सची माहिती. एरवी त्याच चौकोनात अगदी साध्या गोष्टींची वर्णनं असतात, त्यामुळे तो चौकोन वाचायची सवय कुणालाच लागलेली नाही. आपल्याकडे बहुतेक संगणक इंग्रजी मांडणीतच चालतात. सगळा व्यवहार मराठीत करणाऱ्या माणसाने हा छोटा इंग्रजी मजकूर थांबून वाचावा, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

यादी एका वेळी पूर्ण दिसत नाही, सरकवावी लागते. आणि याच यादीत पूर्वापार ‘डाउनलोडेड प्रोग्रॅम फाइल्स’ नावाची एक ओळ आहे. ती इंटरनेट एक्सप्लोररच्या जमान्यातली. वेबपानांसोबत उतरणारे अ‍ॅक्टिव्हएक्स घटक आणि जावा अ‍ॅप्लेट तिच्यात मोजले जातात. बहुतेक संगणकांवर तिथे शून्य बाइट असतात, आणि तिच्यावर टिक आधीपासूनच असते. वर्षानुवर्षं ती ओळ बघितलेल्या माणसाला ‘डाउनलोड्स’ हे त्याच घरातलं भावंड वाटणं अगदी साहजिक आहे.

शेवटी ओके दाबलं की एकच प्रश्न येतो: या फाइल्स कायमच्या पुसायच्या का? थंबनेल्स पुसतानाही तोच प्रश्न, डाउनलोड्समधले पन्नास जीबी पुसतानाही तोच. किती फाइल्स आहेत, त्यातल्या किती तुम्ही स्वतः बदलल्या आहेत, शेवटची फाइल कधी उघडली, यातलं काही विचारलं जात नाही. संगणकात साधी एक फाइल डिलीट केली तर ती आधी रीसायकल बिनमध्ये जाते आणि मन बदलायला वाव राहतो. इथे फोल्डरच्या फोल्डर तो वाव न देता जातो.

आणखी एक तपशील, जो ऑफिसं आणि शाळांच्या लॅबना जास्त लागू आहे. डिस्क क्लीनअप मागच्या वेळच्या टिका लक्षात ठेवतो. त्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज साठवते त्या कोठारात, ‘व्हॉल्यूमकॅशेस’ या जागी प्रत्येक ओळीच्या नोंदीखाली साठवल्या जातात. म्हणजे एकदा चुकून केलेली टिक पुढच्या खेपेला तयारच असते. ‘सेजसेट’ आणि ‘सेजरन’ या जोड-आज्ञा वापरून ही सफाई आपोआप चालवता येते, आणि अनेक ठिकाणी त्यासाठी छोट्या स्क्रिप्ट लिहिलेल्या असतात. त्यातल्या काही स्क्रिप्ट ‘या जागी जेवढ्या नोंदी सापडतील तेवढ्या सगळ्या चालू करा’ अशा घाऊक पद्धतीच्या आहेत. लिहिणाऱ्याने त्या २०१५ मध्ये लिहिल्या तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. १८०९ ने तिथे ‘डाउनलोड्सफोल्डर’ ही नवी नोंद आणून ठेवली. स्क्रिप्टमध्ये एक अक्षरही न बदलता तिचा अर्थ बदलला. इथे तर माणसाने टिकही केलेली नसते.

डाउनलोड्समध्ये खरं काय असतं

हा फोल्डर प्रत्येक खात्याला मिळाला तो विंडोज व्हिस्टापासून. त्यामागची कल्पना अशी की इंटरनेटवरून आलेली वस्तू इथे उतरेल, आणि मग माणूस ती हव्या त्या जागी नेऊन ठेवेल. पहिला भाग घडला, दुसरा फार थोड्यांच्या बाबतीत घडला.

कुठल्याही घरातला डाउनलोड्स फोल्डर उघडून बघा. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेले लग्नाचे फोटो. मेलमधून आलेलं ऑफर लेटर. सीईटीचं हॉल तिकीट, कॅप राउंडची पावती, सातबारा, आठ-अ, लाइट बिल, विम्याचा कागद. नातेवाइकाने स्कॅन करून पाठवलेलं जुनं खरेदीखत. आणि सगळ्यात घातक प्रकार म्हणजे इथेच उघडून इथेच बदललेल्या फाइल्स. मेलमधली एक्सेल शीट उतरवली, त्यात महिनाभर आकडे भरले, दर वेळी कंट्रोल-एस दाबलं. माणसाच्या हिशेबी फाइल ‘सेव्ह’ झाली आहे, आणि ती खरोखरच झाली आहे. फक्त ती डाउनलोड्समध्ये झाली आहे. मूळ मेलमध्ये आहे ती कोरी शीट. महिनाभराचं काम या एकाच प्रतीत आहे.

हा फोल्डर बहुतेक ठिकाणी बॅकअपमध्येही नसतो. वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांची प्रत ठेवायला सुचवतो, डाउनलोड्सची नाही. म्हणजे ज्या फोल्डरला सफाईच्या यादीत घातलं, नेमक्या त्याच फोल्डरची दुसरी प्रत नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

ही सोय कुणालाच नको होती, असं मात्र नाही. डाउनलोड्स हा अनेकांच्या डिस्कवरचा सगळ्यात फुगलेला फोल्डर असतो, आणि त्यातले सेटअपचे प्रोग्रॅम, झिप फाइल्स, तीन-तीन वेळा उतरलेली एकच पीडीएफ हा खराच कचरा आहे. झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानात तर हा फोल्डर रोज रिकामा व्हायलाच हवा. गिऱ्हाइकांनी प्रिंटसाठी पाठवलेली आधार कार्डं, पॅन कार्डं, बँकेची पासबुकं तिथे महिनोन्‌महिने पडून राहणं धोक्याचं आहे. तिथे एका क्लिकवर सगळं जाणं हे वरदान. तेव्हा प्रश्न सोय असावी की नसावी हा नाही. ती कुठल्या यादीत, कुणाच्या शेजारी ठेवली हा आहे. रद्दीच्या गठ्ठ्यावर घरच्या कागदपत्रांची फाइल ठेवून ‘वर चिठ्ठी लावली होती’ असं रद्दीवाला गेल्यावर सांगण्यात काय अर्थ आहे?

याला जोडून आणखी एक गोष्ट. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं की डिस्क क्लीनअप आता मागे पडणार, त्याची जागा सेटिंग्जमधला ‘स्टोरेज सेन्स’ घेणार; जुना प्रोग्रॅम केवळ जुन्या व्यवस्थांशी जुळावं म्हणून ठेवला जाईल. स्टोरेज सेन्स २०१७ मध्ये आला होता, आणि त्यातला डाउनलोड्सचा पर्याय ‘इतके दिवस हात न लावलेल्या फाइल्स’ अशी अट लावून चालतो. निवृत्तीला निघालेल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मात्र तोच पर्याय विनाअट आला. नव्यातली काळजी सोडून नुसती ताकद जुन्यात उतरली.

त्याच आवृत्तीतली दुसरी सफाई

१८०९ ची आठवण बहुतेकांना वेगळ्याच कारणाने असते, आणि ते कारण इथे मांडायलाच हवं, कारण तीही मुळात सफाईच होती.

आवृत्ती बाहेर पडल्यावर दोन-तीन दिवसांतच तक्रारी आल्या: अपडेट झालं आणि डॉक्युमेंट्स, फोटो गायब. इथे कुणी डिस्क क्लीनअप उघडलेलाही नव्हता. मायक्रोसॉफ्टने त्याच आठवड्यात अपडेट थांबवलं. ९ ऑक्टोबरला विंडोज विभागाचे जॉन केबल यांनी कारणं जाहीर केली. तक्रारींचं प्रमाण १८०९ बसवलेल्या संगणकांच्या एका टक्क्याचाही शंभरावा भाग होतं, असं त्यांनी सांगितलं.

कारण असं. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स अशा ठरावीक फोल्डरांची जागा बदलता येते. आपल्याकडे हे सर्रास होतं. ‘सी वर काही ठेवू नका, फॉरमॅट करावा लागला तर जाईल, डी वर ठेवा’ हे प्रत्येक दुरुस्तीवाला सांगतो, आणि काही जण फोल्डरची जागाच डी वर नेऊन देतात. जागा बदलताना विंडोज विचारतं, जुन्या फाइल्स नव्या जागी हलवू का? कुणी ‘नाही’ म्हटलं तर जुन्या फाइल्स सी वरच्या मूळ फोल्डरमध्ये राहतात आणि नव्या डी वर जमू लागतात. वनड्राइव्हच्या एका जुन्या आवृत्तीनेही काही संगणकांवर अशीच जागा बदलली होती, जुन्या फाइल्स न हलवता.

त्याआधीच्या १८०३ आवृत्तीनंतर अशा लोकांच्या संगणकांवर त्याच नावाचे जादा रिकामे फोल्डर दिसू लागले होते, आणि त्याबद्दल तक्रारी होत्या. म्हणून १८०९ मध्ये ते जादा रिकामे फोल्डर काढून टाकणारा कोड घातला गेला. त्या कोडने नवा, चालू फोल्डर ठेवला आणि जुन्या जागेचा फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसला. ज्यांचा जुना फोल्डर खरंच रिकामा होता त्यांना काही कळलंही नाही. ज्यांच्या जुन्या जागेत फाइल्स होत्या त्यांच्या त्या गेल्या.

मला या दोन्ही घटना एकाच प्रकरणाच्या वाटतात. दोन्हीकडे सफाई करणाऱ्याने फोल्डरबद्दल आधीच काहीतरी गृहीत धरलं: एकीकडे ‘हा रिकामाच असणार’, दुसरीकडे ‘यात तात्पुरतंच असणार’. दोन्हीकडे आत डोकावून बघणं तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं होतं. फोल्डर रिकामा आहे की नाही हे तपासायला संगणकाला क्षणही लागत नाही. आणि रिकाम्या फोल्डरच्या घटनेत तर सूचना आधीच मिळालेली होती. आवृत्ती बाहेर येण्यापूर्वी ती तपासणाऱ्या स्वयंसेवकांपैकी काहींनी फाइल्स गेल्याचं फीडबॅक हब या तक्रारी नोंदवायच्या अ‍ॅपमध्ये नोंदवलं होतं, पण त्या नोंदींना पुरेशी मतं न मिळाल्यामुळे त्या खालीच राहिल्या. पुढे मायक्रोसॉफ्टने नोंद करताना तिची तीव्रता सांगायची सोय केली. योग्यच केलं. फाइल गमावलेला एकच माणूस असला तरी ती नोंद सगळ्यात वर यायला हवी. मतं मोजून ठरवायची ही गोष्ट नव्हे. दुरुस्त केलेली आवृत्ती १३ नोव्हेंबर २०१८ ला पुन्हा सुरू झाली. रिकाम्या फोल्डरची चूक त्यात सुधारली होती. डिस्क क्लीनअपमधली डाउनलोड्सची ओळ मात्र जागेवरच होती.

ओके दाबल्यानंतर

फाइल पुसली म्हणजे डिस्कवर काय होतं, हे इथे समजून घ्यायलाच हवं, कारण पुढचे काही तास काय करायचं ते यावरच ठरतं.

साध्या, फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज फाइलचा मजकूर लगेच खोडत नाही. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइल मांडणीच्या पद्धतीत, प्रत्येक फाइलची एक नोंद असते. त्या नोंदीवर ‘आता वापरात नाही’ असा शिक्का बसतो, आणि फाइलने व्यापलेली जागा मोकळी म्हणून जाहीर होते. मजकूर तिथेच असतो, दुसरं काही येऊन त्या जागेवर लिहिलं जाईपर्यंत. म्हणून पहिलं काम म्हणजे संगणक वापरणं थांबवणं. नुसता चालू राहिला तरी विंडोज काही ना काही लिहीतच असतं: ब्राउझरचा साठा, अपडेट, पेजिंग फाइल. घाबरलेला माणूस सगळ्यात आधी करतो ते असं: गुगलवर रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधायचं, उतरवायचं, बसवायचं. ते सॉफ्टवेअर उतरतं कुठे? त्याच डिस्कवर, त्याच डाउनलोड्स फोल्डरमध्ये. जी जागा वाचवायची, नेमकी तिच्यावरच घाला.

नीट रस्ता असा की संगणक बंद करायचा, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडायची किंवा पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, आणि सापडलेल्या फाइल्स तिसऱ्याच डिस्कवर उतरवायच्या. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम यासाठी चांगला आहे. तो फाइलची नोंद बघत नाही, मोकळ्या जागेत जेपीजी, पीडीएफ, वर्ड यांच्या ओळखीच्या खुणा शोधतो. त्यामुळे मजकूर मिळतो, पण फाइलचं नाव आणि फोल्डर जातं. हाती येतात क्रमांकांच्या नावाच्या शेकडो फाइल्स, आणि त्या लावणं हे वेगळंच काम. मोठे व्हिडिओ डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत साठलेले असतील तर बहुधा अर्धवट निघतात. नोंदी शाबूत असतील तर रिकुव्हासारखा प्रोग्रॅम नावांसकट यादी दाखवतो. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ हा मोफत प्रोग्रॅम दिला. तो आज्ञा टाइप करून चालवावा लागतो आणि फाइल्स दुसऱ्या ड्राइव्हवरच उतरवतो.

एसएसडीचं गणित निराळं आणि निष्ठुर आहे. फाइल पुसली की विंडोज ७ पासून पुढची प्रत्येक विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’ ही सूचना पाठवते: या जागेतल्या मजकुराची आता गरज नाही. एसएसडी ती जागा आपल्या सवडीने आतून साफ करते, आणि बऱ्याच एसएसडी तर सूचना मिळताच त्या जागी वाचायला गेल्यास शून्यंच परत देतात. डिस्कच्या वेगासाठी आणि आयुष्यासाठी हे आवश्यक आहे, पण पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते. यातली वाईट संगती अशी की जागेची चणचण लहान एसएसडी आणि ईएमएमसीवाल्या लॅपटॉपांनाच जास्त, म्हणजे सफाई तिथेच जास्त होते, आणि परत मिळण्याची शक्यताही तिथेच सगळ्यात कमी.

म्हणून डेटा रिकव्हरीच्या दुकानात जाण्याआधी आपली डिस्क कुठल्या प्रकारची आहे ते माहीत करून घ्या. एसएसडी असूनही कुणी ‘शंभर टक्के काढून देतो’ म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी निघालेल्या फाइल्सपैकी दोन-चार उघडून दाखवायला सांगा. नुसती नावांची यादी पुरत नाही. नाव सापडलं तरी आत शून्यं असू शकतात. आणि लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर डिस्क दुसरीकडे जोडल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आधी शोधून ठेवा, बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते.

डिस्कमधून काही निघालं नाही तरी एक वाट उरते, आणि ती फार कमी जणांना सुचते. ब्राउझर उतरवलेल्या फाइल्सची यादी स्वतंत्रपणे ठेवतो. फाइल गेली तरी यादीत नाव राहतं, आणि बहुतेक वेळा ती कुठून आली तेही. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये कंट्रोल-जे दाबा. फाइल नाही असं तिथे लिहिलेलं असेल, हरकत नाही. ती यादी आधी लिहून घ्या, फोटो काढा, काहीही करा, पण ब्राउझरचा इतिहास साफ करण्याआधी. क्रोम साधारण ९० दिवसांचाच इतिहास ठेवतो. विंडोजच्या ‘रीसेंट’ यादीत आणि वर्ड, एक्सेलच्या अलीकडच्या फाइल्सच्या यादीतही नावं असतात. माणसाला काय गेलं हेच आठवत नसतं. ही नावं समोर आली की अर्धं काम होतं.

मग एकेक नाव घेऊन उगम शोधायचा. मेलमधले जोडकागद अजून मेलमध्ये असतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये असण्याची शक्यता चांगली असते. ज्यांनी पाठवले त्यांना त्याच दिवशी कळवायचं, त्यांनीही फोन साफ करण्याआधी. सातबारा, आठ-अ पुन्हा काढता येतात. डिजीलॉकरमधली कागदपत्रं तिथेच आहेत. वीजबिल, विमा, बँकेचं स्टेटमेंट परत उतरवता येतं. हे सगळं वजा केल्यावर उरतात त्या खऱ्या गेलेल्या फाइल्स: इथेच उघडून भरलेली शीट, स्कॅन करून मूळ परत दिलेला कागद, आता हयात नसलेल्या माणसाने पाठवलेला आवाज. डिस्कवर वेळ आणि पैसा घालायचा असेल तर तो या उरलेल्या यादीसाठी घालावा.

आज कुठे काय आहे

२००४ आवृत्तीपासून डिस्क क्लीनअपमध्ये डाउनलोड्सची ओळ नाही. २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून नव्या संगणकांवर विंडोज अपडेटसाठी साधारण ७ जीबी जागा आधीच राखून ठेवू लागली, त्यामुळे ऐन वेळी जागा करायची घाईही कमी झाली. ‘विंडोज डॉट ओल्ड’ तर अपडेटनंतर १० दिवसांनी आपोआप जातं. जागेची फार निकड नसेल तर त्यासाठी काही उघडायचीही गरज नाही.

पण विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, आणि मग ‘टेम्पररी फाइल्स’ असं जाऊन बघा. त्या यादीत अपडेटचे तुकडे, थंबनेल्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनच्या फाइल्स, आणि त्यांच्यासोबत ‘डाउनलोड्स’. तात्पुरत्या फाइल्सच्या पानावर. टिक आधीपासून नसते, इशारा तोच आहे, आणि इथला इशारा ओळीखालीच दिसतो हे डिस्क क्लीनअपपेक्षा निश्चित बरं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून अनेक जण जुन्या, लहान डिस्कच्या संगणकांवर विंडोज ११ ला जागा करण्यासाठी याच पानावर येत आहेत. ‘सगळ्यावर टिक करा’ हा जुना सल्ला त्यांच्या सोबत आहे. स्टोरेज सेन्समध्येही डाउनलोड्सचा पर्याय आहे. तो मुळात ‘नेव्हर’ वर असतो. दुरुस्तीवाल्याने संगणक हातात दिला की तो पर्याय अजून ‘नेव्हर’ वरच आहे ना, हे एकदा बघून घ्या. ऑफिसात सफाईची जुनी स्क्रिप्ट चालत असेल तर ती सगळ्या नोंदी घाऊक चालू करते की ठरावीक नावांच्याच, हे तपासा आणि नावं स्पष्ट लिहा.

बनवणाऱ्यांकडून माझी मागणी दोनच गोष्टींची आहे, आणि दोन्ही करण्यासारख्या आहेत. डाउनलोड्सला तात्पुरत्या फाइल्सच्या पानावरून हलवून ‘मोठ्या व न वापरलेल्या फाइल्स’ या पानावर ठेवा. विंडोज ११ च्या क्लीनअप शिफारशींत तसं पान आहेच, आणि तिथे एकेक फाइल नावाने दिसते. आणि जिथे कुठे हा फोल्डर घाऊक रिकामा करायची सोय ठेवाल, तिथे त्या फाइल्स आधी रीसायकल बिनमध्ये जाऊ द्या. जागा काही दिवस उशिरा मोकळी होईल, पण शीट भरणाऱ्या माणसाला ती परत घ्यायला वेळ मिळेल.